न्यूयॉर्कच्या सार्वजनिक उद्यानात डॉग रन कसा उभारावा: नवख्या श्वानपालकांसाठी मार्गदर्शक

क्वीन्समध्ये राहायला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात आमच्या घरी कुत्री आली, आणि पट्टा काढून तिला मनसोक्त धावू द्यावे अशी एकही कायदेशीर जागा चालत जाण्याच्या अंतरावर नाही, हे आठवडाभरात लक्षात आले. पुढे शेजाऱ्यांबरोबर जवळच्या उद्यानात डॉग रन मिळवण्याच्या कामात मी जवळजवळ सहा वर्षे होते. त्यातली दोन वर्षे चुकीच्या क्रमाने कामे केल्यामुळे वाया गेली. तीच दोन वर्षे आपली वाचावीत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

डॉग रन म्हणजे उद्यानातील कुंपण घातलेली जागा, जिथे उद्यानाच्या वेळेत कुत्र्यांना मोकळे सोडता येते. न्यूयॉर्कमधील असा पहिला डॉग रन 1990 मध्ये मॅनहॅटनच्या ईस्ट व्हिलेज भागातील टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्कमध्ये सुरू झाला. तेव्हापासून या शहराची साधारण रीत अशी आहे की जमीन महापालिकेच्या उद्यान विभागाची असते, मंजुरी आणि मोठे बांधकामही त्यांच्याकडून होते, परंतु रोजची देखभाल, नियमांची आठवण आणि स्वच्छता शेजारच्या श्वानपालकांच्या गटाने करायची असते. फाटकावर पहारेकरी नसतो आणि झाडायला पालिकेचा माणूस रोज येत नाही. पुण्या-मुंबईहून आलेल्या आपल्यासारख्यांना सवय असते ती पालिकेने बाग बांधावी, माळी नेमावा आणि आपण तक्रार करावी याची. इथे अर्ज करणाऱ्याच्या हातातच पुढे झाडू येतो, हे पहिल्या दिवसापासून मनाशी धरून चालावे.

1. डॉग रन खरोखरच हवा आहे का, हे आधी तपासा

अनेक मोठ्या उद्यानांमध्ये ठरावीक भागांत उद्यान उघडल्यापासून सकाळी 9 पर्यंत आणि रात्री 9 पासून उद्यान बंद होईपर्यंत कुत्र्यांना पट्ट्याविना सोडण्याची मुभा आहे. सुमारे वीस वर्षे हा रिवाज अलिखित होता. 2006 मध्ये क्वीन्समधील एका नागरी संघटनेने त्याला न्यायालयात आव्हान दिले, निकाल शहराच्या बाजूने लागला आणि 2007 मध्ये ही सवलत उद्यान विभागाच्या नियमांत रीतसर आली. आपल्या उद्यानात अशी मुभा आधीपासून असेल आणि आपली गरज सकाळच्या तासाभराची असेल, तर कुंपणासाठी पाच-सहा वर्षे घालवण्यापूर्वी ती वापरून पाहावी. मात्र ही सवलत सगळ्या उद्यानांत नाही. जिथे ती आहे तिथेही मुलांच्या खेळाच्या जागा आणि खेळाची मैदाने वगळलेली असतात. पाटी नीट वाचल्याशिवाय पट्टा काढू नये. बाकी सर्व ठिकाणी कुत्रा सहा फुटांपेक्षा लांब नसलेल्या पट्ट्याने बांधलेला असलाच पाहिजे.

2. आपले स्वतःचे कागद आधी नीट करा

दुसऱ्यांकडे नियम पाळण्याचे आश्वासन घेऊन जायचे, तर आपल्या कुत्र्याचा परवाना चालू असला पाहिजे. न्यूयॉर्क शहराचा वार्षिक परवाना नसबंदी झालेल्या कुत्र्यासाठी 8.50 डॉलर आणि न झालेल्यासाठी 34 डॉलर आहे. परवान्याचा बिल्ला गळपट्ट्याला लावावा लागतो आणि रेबीजची लस बंधनकारक आहे. आमच्या पहिल्या बैठकीत वीसेक जण होते. परवाना किती जणांकडे आहे असे मी विचारले, तेव्हा सात हात वर झाले. पुढील महिन्याभरात बाकीच्यांनी परवाने काढले आणि मगच आम्ही सह्या गोळा करायला बाहेर पडलो. हा निर्णय योग्य होता, कारण पहिल्याच जाहीर सभेत आम्हाला नेमका हाच प्रश्न विचारण्यात आला.

3. कुंपणाआधी माणसे जोडा

सह्या देणारे तीनशे जण मिळतात, परंतु जानेवारीत फावडे घेऊन येणारे आठ मिळणे कठीण असते, आणि डॉग रन चालतो तो या आठ जणांवर. म्हणून सुरुवातीलाच सहा ते दहा जणांचा कार्यकारी गट करावा आणि कामे नावानिशी वाटून घ्यावीत. पत्रव्यवहार, पैसे, सभांना हजेरी आणि उद्यानातील कामाचे दिवस ही चार खाती वेगवेगळ्या माणसांकडे असावीत. गटात कुत्रा नसलेले निदान दोन शेजारी असणे फार मोलाचे आहे, मग ते लहान मुलांचे पालक असोत किंवा रोज बाकावर बसणारे आजोबा. ते आपल्या वतीने बोलतात तेव्हा ऐकणाऱ्यांचा कल बदलतो, शिवाय आपल्याला न दिसणाऱ्या अडचणी ते बैठकीतच दाखवून देतात.

उद्यानांसाठी काम करणाऱ्या नागरिकांच्या गटांना मदत करायला पार्टनरशिप्स फॉर पार्क्स हा उपक्रम 1995 पासून आहे. उद्यान विभाग आणि सिटी पार्क्स फाउंडेशन मिळून तो चालवतात. गट कसा बांधावा, स्वयंसेवी कामाचा दिवस कसा आखावा आणि लहान अनुदाने कुठे मिळतात, याचे मार्गदर्शन त्यांच्याकडून मिळते. आम्ही त्यांच्याकडे तिसऱ्या वर्षी गेलो. आपण तिसऱ्या आठवड्यात जावे.

डॉग रनची मागणी जाहीर करण्यापूर्वी त्याच उद्यानात दोन-तीन सफाईचे दिवस करावेत, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे. पाने गोळा करा, बाकांना रंग द्या, फुलझाडे लावा. उद्यानाचे व्यवस्थापक रोज तक्रारी ऐकून थकलेले असतात. हातात दाताळे घेतलेल्या माणसांचे म्हणणे ते वेगळ्या कानांनी ऐकतात.

4. जागा निवडताना पावसात जा

नकाशावर चांगली दिसणारी जागा प्रत्यक्षात निकामी निघू शकते. आम्ही निवडलेला पहिला कोपरा सपाट, रिकामा आणि रस्त्याजवळ होता. एप्रिलमधील एका मुसळधार पावसानंतर आमच्यापैकी तिघे छत्र्या घेऊन तिथे गेलो आणि डांबरावर साचलेल्या डबक्यांच्या कडा खडूने आखून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा गेलो, तेव्हा त्यातील सर्वांत मोठे डबके खडूच्या रेषेपासून जेमतेम वीतभर आत सरकले होते. त्याच्या एका छायाचित्राने पुढच्या दोन बैठका वाचवल्या. साचलेले पाणी हा केवळ चिखलाचा प्रश्न नसतो. उंदीर-घुशींच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस अशाच डबक्यांतून कुत्र्यांना होतो, आणि तो माणसांनाही होऊ शकतो.

जागा पाहताना पुढील गोष्टी वहीत टिपून ठेवाव्यात.

- सर्वांत जवळच्या घराची खिडकी किती फुटांवर आहे. भुंकण्याची तक्रार इथूनच येणार असते.
- मुलांच्या खेळाच्या जागेपासूनचे अंतर आणि दोन्हींमध्ये काही आडोसा आहे की नाही.
- जुनी झाडे कुठे आहेत. मोठ्या झाडाच्या मुळांवर खणकाम करू दिले जात नाही, तसेच सततच्या लघवीने आणि तुडवण्याने माती घट्ट होऊन झाड खंगते.
- पाण्याचा नळ आणि पावसाच्या पाण्याची जाळी कुठे आहे.
- सध्या ती जागा कोण वापरते. रिकामी दिसणारी जागा संध्याकाळी क्रिकेटची किंवा रविवारी वृद्धांच्या व्यायामवर्गाची असू शकते. सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि सुट्टीचा दिवस अशा चार वेळा जाऊन मगच ठरवावे.

न वापरली जाणारी, भेगाळलेली डांबरी जागा मागणे सोपे जाते, कारण हिरवळ कोणाची तरी असतेच. निदान दोन जागा सुचवाव्यात. एकच जागा धरून बसले की चर्चा हो किंवा नाही इतकीच उरते.

5. सह्या आणि पाहणी

सह्यांच्या कागदावर नाव, पत्ता, पिन कोडसारखा झिप कोड आणि कुत्रा आहे की नाही, असा रकाना ठेवावा. केवळ ऑनलाइन सह्यांना फारसे वजन नसते, कारण त्या शहराच्या दुसऱ्या टोकाच्याही असू शकतात. उद्यानाला लागून असलेल्या इमारतींत दारोदार जाऊन घेतलेल्या शंभर सह्या हजार ऑनलाइन सह्यांपेक्षा उपयोगी पडतात. विरोध असणाऱ्यांची कारणेही लिहून घ्यावीत. पुढील सभेत तीच आपली प्रश्नपत्रिका असते.

6. उद्यान विभागाशी भेट

आधी उद्यानाचे व्यवस्थापक, नंतर आपल्या बरोच्या (क्वीन्स, मॅनहॅटन यांसारख्या शहराच्या मोठ्या विभागाच्या) उद्यान आयुक्तांचे कार्यालय, असा क्रम ठेवावा. दोन पानांपेक्षा मोठे निवेदन नेऊ नये. त्यात गटातील माणसे, सुचवलेल्या जागा, शेजाऱ्यांचा पाठिंबा आणि देखभाल कोण करणार हे असावे. या भेटीत आपल्याला मंजुरी मिळणार नाही. कोणत्या जागेला तांत्रिक अडचण आहे आणि कोणत्या जागेवर आधीच दुसरा प्रकल्प ठरला आहे, इतके कळले तरी भेट सार्थकी लागली असे समजावे. भेटीनंतर त्याच दिवशी, ठरलेल्या गोष्टी लिहून ईमेल पाठवावा. अधिकाऱ्यांच्या बदल्या इथेही होतात, आणि तोंडी दिलेला शब्द खुर्चीबरोबर जातो.

7. कम्युनिटी बोर्डासमोर

न्यूयॉर्कमध्ये 59 कम्युनिटी बोर्डे आहेत. प्रत्येकावर जास्तीत जास्त 50 बिनपगारी सदस्य असतात आणि त्यांची नेमणूक बरो प्रेसिडेंट करतात. आपल्याकडील प्रभाग समितीशी याची थोडी तुलना करता येईल, परंतु बोर्डाचे सदस्य निवडून आलेले नसतात आणि त्यांचा ठराव सल्ल्यापुरता असतो. तरीही बोर्डाच्या पाठिंब्याशिवाय पुढे गेल्यास उद्यान विभाग आणि लोकप्रतिनिधी दोघेही हात आखडता घेतात, म्हणून ही पायरी ओलांडू नये.

प्रथम बोर्डाच्या उद्यानविषयक समितीकडे विषय घ्यायला सांगावे आणि तिथून तो पूर्ण बोर्डापुढे जातो. बोर्डाच्या बैठका महिन्यातून एकदा असतात, आणि बहुतेक बोर्डे जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टी घेतात. जूनमध्ये विषय राहिला तर तो थेट सप्टेंबरवर जातो. आमचे एक पूर्ण वर्ष अशाच दोन सुट्ट्यांमध्ये निघून गेले.

सभेत बोलायला प्रत्येकाला दोन-तीन मिनिटे मिळतात. दहा जणांनी उठून कुत्र्यांवरील प्रेमाबद्दल सांगण्यापेक्षा एकाने जागेबद्दल, एकाने देखभालीबद्दल, एकाने आवाजाबद्दल आणि कुत्रा नसलेल्या एकाने आपल्या अनुभवाबद्दल बोलावे. आमच्या सभेत समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या एक आजी उठल्या. रात्रपाळी करून येणारा त्यांचा मुलगा सकाळी सहाला झोपतो आणि आमच्या आराखड्यातील फाटक बरोबर त्याच्या खिडकीखाली येत होते. त्यांचा आवाज थरथरत होता. आमच्यातील एका उत्साही तरुणाने उत्तर द्यायला हात वर केला, तेव्हा मी त्याला थांबवले आणि आजींना त्यांच्या घरी येऊन खिडकीतून पाहण्याची परवानगी मागितली. त्या शनिवारी आम्ही चौघे त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभे राहिलो. फाटक दुसऱ्या टोकाला नेले, त्या बाजूला झुडपांची रांग दाखवली आणि सुधारित आराखडा आधी त्यांना दाखवला. पुढच्या सभेत त्या आल्या आणि विरोध केला नाही. विरोधकाच्या खिडकीतून एकदा पाहून आल्याशिवाय आराखडा पक्का करू नये, असे मी तेव्हापासून प्रत्येक नव्या गटाला सांगते.

8. पैसा: दोन वेगळ्या थैल्या

बांधकामाचा पैसा आणि चालवण्याचा पैसा यांची गल्लत नवख्या गटांकडून हमखास होते.

बांधकाम शहराच्या भांडवली खर्चातून होते आणि तो खर्च काही लाख डॉलरांपासून पुढे जातो. कुंपणाचा दर कोपऱ्यावरच्या ठेकेदाराला विचारून अंदाज बांधू नका. शहराच्या कामात सर्वेक्षण, निचरा, अपंगांसाठी सुलभ वाट आणि शासकीय मजुरीचे दर हे सगळे धरावे लागते. पैसे मुख्यतः सिटी कौन्सिलचे आपले सदस्य, बरो प्रेसिडेंट किंवा महापौरांच्या अंदाजपत्रकातून येतात. काही कौन्सिल मतदारसंघांत रहिवाशांच्या मतदानाने निधी वाटला जातो. ही पद्धत इथे 2011 मध्ये सुरू झाली आणि डॉग रनसारख्या प्रकल्पांना तिचा चांगला उपयोग होतो. शहराचे आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होते, त्यामुळे कौन्सिल सदस्यांच्या कार्यालयात हिवाळ्यातच जावे. मे महिन्यात गेलात तर आकडे जवळजवळ ठरलेले असतात.

पूर्ण निधी हातात आल्याशिवाय उद्यान विभाग आराखड्याचे काम सुरू करत नाही. त्यानंतर विभागाच्या नेहमीच्या वेळापत्रकाप्रमाणे आराखड्याला 10 ते 15 महिने, निविदेला 7 ते 10 महिने आणि बांधकामाला 12 ते 18 महिने लागतात. हे आकडे गटातील सर्वांना पहिल्या बैठकीतच सांगावेत. आज पिल्लू असलेल्या कुत्र्याचा मालक तेव्हा प्रौढ कुत्र्यासाठी फाटक उघडणार आहे, हे कळूनही जो थांबतो तो शेवटपर्यंत थांबतो.

चालवण्याचा पैसा मात्र आपण उभा करायचा. पिशव्या, झाडू, फावडी, जमिनीवरच्या थराची भर आणि कुलपे हा खर्च दरवर्षीचा आहे. त्यासाठी बँक खाते लागते आणि खात्यासाठी करविभागाचा ओळख क्रमांक लागतो. हा क्रमांक आयआरएस म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय करविभागाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. त्यासाठी पैसे मागणाऱ्या खासगी संकेतस्थळांपासून सावध राहावे. देणगीवर करसवलत द्यायची असेल तर स्वतःची नोंदणीकृत ना-नफा संस्था काढता येते, परंतु पहिल्या दोन वर्षांत एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली पैसे ठेवणे सोयीचे पडते. ब्रुकलिनमधील आयोबी ही संस्था शेजाऱ्यांच्या प्रकल्पांना अशी मदत करते. एकाच माणसाच्या वैयक्तिक खात्यात पैसे जमा करू नयेत, मग तो कितीही विश्वासू असो.

9. आराखड्यात कोणत्या गोष्टींवर अडून बसावे

आराखड्याआधी उद्यान विभाग लोकांची मते ऐकण्यासाठी बैठक घेतो. रंग आणि बाकांबद्दल तिथे फार बोलू नका. खालील गोष्टी पुन्हा बदलता येत नाहीत, म्हणून बळ त्यांच्यासाठी राखून ठेवा.

दुहेरी फाटक हवेच. बाहेरचे फाटक बंद करून, मधल्या छोट्या चौकात पट्टा काढून, मगच आतले फाटक उघडता आले पाहिजे. त्या चौकात दोन मोठे कुत्रे समोरासमोर आले तरी वळायला जागा असावी, नाहीतर बहुतेक भांडणे तिथेच होतात. कुंपण चार फुटांहून कमी उंचीचे नसावे आणि तळाशी फट नसावी. खिट्टी मोजे घातलेल्या हाताने लागेल अशी मागावी. लहान कुत्र्यांसाठी वेगळा भाग शक्य असेल तर घ्यावा, पण एकूण जागाच लहान असेल तर तिचे दोन तुकडे करून कोणालाच धावता येत नाही.

जमिनीच्या थराबद्दल मत बनवण्यापूर्वी निदान चार डॉग रन पाहून या. रिव्हरसाइड पार्कमध्ये 72, 87 आणि 105 क्रमांकाच्या रस्त्यांजवळ तीन डॉग रन आहेत, ते एका सकाळी चालत पाहून होतात. लाकडाच्या ढलप्या स्वस्त आणि पायांना मऊ असतात, परंतु ओल धरतात, उन्हाळ्यात वास मारतात आणि दरवर्षी नव्याने टाकाव्या लागतात. गोटेरी खडीतून विष्ठा उचलणे त्रासाचे होते. डांबर धुवायला सोपे, पण जुलैच्या दुपारी पंजे भाजतात, आणि कृत्रिम हिरवळही उन्हात तितकीच तापते व नियमित धुतली नाही तर दुर्गंधी सोडते. दाबून बसवलेली ग्रॅनाइटची कच मला सर्वांत समाधानकारक वाटते, मात्र खाली निचऱ्याची सोय नीट असेल तरच. सावली आणि नळ यांवरही तडजोड करू नये. धुण्याचे पाणी नसलेला डॉग रन पहिल्या उन्हाळ्यातच शेजाऱ्यांच्या नाकापर्यंत पोहोचतो.

10. उघडल्यानंतर

नियमांची पाटी लहान आणि ठळक ठेवावी. आपल्या कुत्र्याची विष्ठा उचलणे हा तर राज्याचा कायदाच आहे. तो 1978 पासून लागू आहे आणि दंड 250 डॉलर आहे. चार महिन्यांखालील पिल्ले आणि माजावर आलेल्या कुत्र्या आत आणू नयेत. काटेरी गळपट्टा आत शिरतानाच काढावा, कारण खेळताना दुसऱ्या कुत्र्याचा दात त्यात अडकतो. खाद्य आणि आवडते खेळणे या दोन गोष्टींवरून सर्वाधिक भांडणे होतात, म्हणून दोन्ही घरी ठेवावीत. पाण्याचे सामायिक भांडे ठेवू नये, प्रत्येकाने आपली वाटी आणावी.

कुत्रा माणसाला चावला तर वाद घालत न बसता जखम साबणाने आणि पाण्याने पुष्कळ वेळ धुवावी, दोन्ही बाजूंचे नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक लिहून घ्यावा, डॉक्टरांकडे जावे आणि 311 या शहराच्या तक्रार-मदत क्रमांकावर कळवावे. चावणाऱ्या कुत्र्याला रेबीजच्या दृष्टीने दहा दिवस निरीक्षणाखाली ठेवले जाते. आमच्या फाटकावरील पेटीत याचा छापील कागद ठेवला आहे, कारण त्या क्षणी कोणालाच काही आठवत नाही.

सफाईची पाळी आठवड्याची नव्हे, दिवसाची लावावी. एका माणसाकडे एक वार आणि तो वर्षभर त्याचाच, ही व्यवस्था आमच्याकडे टिकली. सांडलेले खाद्य आणि उघडी कचरापेटी यांमुळे उंदीर येतात. बिळे दिसताच छायाचित्रासह 311 वर नोंदवावे आणि तक्रार क्रमांक वहीत लिहावा.

जवळ ठेवायची कागदपत्रे

- गटातील सदस्यांची यादी, जबाबदाऱ्यांसह
- पत्त्यांसह सह्यांचे मूळ कागद
- सुचवलेल्या जागांचा नकाशा, मोजमापे आणि पावसानंतरची तारखेसह छायाचित्रे
- दोन पानी निवेदन आणि देखभालीची लेखी योजना
- कम्युनिटी बोर्डाच्या ठरावाची प्रत आणि लोकप्रतिनिधींची पाठिंब्याची पत्रे
- करविभागाचा ओळख क्रमांक, खात्याचा हिशेब, छत्रसंस्थेबरोबरचा करार
- कार्यकारी गटातील सर्वांच्या कुत्र्यांचे परवाने आणि लसीचे दाखले

साधनांमध्ये लांब दांड्याची फावडी, पोलादी दाताळे, रबरी नळी, झाकणाची पेटी, दोन कुलपे आणि प्रथमोपचाराची पेटी इतके सुरुवातीला पुरते. जमिनीवर ढलप्या असतील तर जानेवारीतील मल्चफेस्टची तारीख लिहून ठेवा. नाताळची झाडे दळून केलेल्या ढलप्या शहर तेव्हा विनामूल्य देते, आणि पोती भरायला चार माणसे व एक हातगाडी पुरते. पाणी गोठण्याच्या आधी नळ बंद करून आतले पाणी काढून टाकायला उद्यानाच्या व्यवस्थापकांना नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच आठवण करावी. बर्फ वितळवायला साधे मीठ टाकू नये, कारण त्याने पंजे चिरतात. प्राण्यांसाठी सुरक्षित असे लिहिलेली पिशवी दोन फाटकांच्या मधल्या पेटीत ठेवावी, आणि पहिला बर्फ पडला की आधी तो मधला चौक मोकळा करावा, म्हणजे आतले फाटक उघडते.